कोपऱ्यातला पांढरा

बहिणीने आणि तिच्या जाऊबाईंनी मिळून प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बहिणीची अमूर्त चित्रं, जाऊबाईंची कागदाच्या लगद्याची रंगीत शिल्पं. पुस्तिकेतला लेख मी लिहावा, हा बहिणीचा हट्ट. "घरात एवढी पुस्तकं वाचलेलं दुसरं आहे कोण?"

चित्रं बघायला मी गेलो नाही. चित्रासमोर उभं राहिलं की काहीतरी बोलावं लागतं आणि मला ते सुचत नाही. फोनवर फोटो मागवले आणि घरात बसून लिहिलं. सगळ्यात मोठ्या लाल चित्रावर तर अख्खा परिच्छेद: उजव्या कोपऱ्यात तिने सोडलेली पांढरी जागा, रंगांच्या गर्दीत राखलेलं मौन, वगैरे. त्या परिच्छेदावर मी मनातून खूश होतो. खोटं कशाला सांगू?

उद्घाटनाच्या दिवशी तासभर आधीच पोचलो. दालनात जाऊबाई एकट्याच आपल्या पिवळ्या-जांभळ्या कोंबड्याचा तुरा पुसत होत्या. मी थेट लाल चित्राकडे गेलो. पांढरी जागा होती. चष्मा सावरून जवळ वाकलो.

"भाऊ, नाक लावू नका. ओलं आहे."

"ओलं? चित्र तर गेल्या वर्षीचं ना?"

"चित्र गेल्या वर्षीचं. पांढरा कालचा." त्या जवळ आल्या. "फोटोत ट्यूबलाइटची चमक आली होती. तुम्ही तिच्यावरच लिहून बसलात. छापलेल्या पुस्तिका आल्या आणि बाईसाहेबांनी ब्रश उचलला. म्हणे, दादाला कोणी हसायला नको."

माझे कान तापले. "खाली काय होतं?"

"लाल. वर्षभर जमत नव्हता तिला तो. जमला तेव्हा मला कणीक मळताना ओढत नेलं होतं बघायला."

हातातलं फडकं त्यांनी माझ्याकडे दिलं. "खालचा रंग पक्का वाळलाय. आत्ता पुसलं तर वरचा निघेल. माझं ती ऐकत नाही. तुम्ही सांगा."

मी फडक्याची घडी घालून ते खिशात ठेवलं. सांगायचं एवढंच होतं की मी चित्र पाहिलंच नव्हतं. वाक्य तयार होतं. मनात ते दोनदा सुधारलंसुद्धा.

बहीण आली ती पाहुण्यांना घेऊनच. "हा माझा दादा. लेख यानेच लिहिलाय."

एका गृहस्थांनी पुस्तिका उघडली, मग कोपऱ्याकडे बोट केलं. "तुमची नजर मानली बुवा! आमच्या हे लक्षातही आलं नसतं."

मी हसलो. हात खिशात, फडक्यावर.

बहिणीने हळूच विचारलं, "दादा, जमलंय ना रे?" तिच्या अंगठ्याच्या नखात पांढरा रंग होता.

"जमलंय," मी म्हणालो.

पलीकडून जाऊबाई बघत होत्या. त्यांनी मान वळवली आणि कोंबडा पुन्हा पुसायला घेतला, नुसत्या तळहाताने.

प्रदर्शन आठ दिवस होतं. मी पुन्हा गेलो नाही. पांढरा आता वाळला असेल. फडकं माझ्या टेबलाच्या खणात आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही.