कालवडीचा बाप

सोजरबाईंची कालवड माजावर आली होती, आणि तिचा बाप कुठला वळू ते कुणालाच आठवेना. मंगळवेढ्याच्या दूध केंद्रात डॉक्टर शिवानंद रेतनाचं भांडं घेऊन खोळंबले होते. बापाचंच बीज लेकीला भरलं तर वासरू अधू निपजायचं. नोंद होती कॉम्प्युटरात, आणि त्याची डिस्क परवाच बंद पडली होती. नव्या डिस्कवर कुठल्यातरी पेनड्राइव्हमधला जुना डेटा भरला, आणि सचिवांनी लगेच तो पेनड्राइव्ह पुसून त्यात भजनं घातली.

"सांजंपातूर माज जातोय तिचा," सोजरबाई म्हणाल्या. "तुज्या यंत्राला जरा हाण की."

केंद्राचा कॉम्प्युटर सांभाळणारा दिग्विजय मोबाईलवर बघून बघून शिकलेला. नवा प्रोग्राम जुना डेटा उघडेना. डेटा एकेक पायरी चढवून आजच्या, आठव्या घडणीवर आणायचा होता. पण आत्ता तो कितव्या पायरीवर?

कॉम्प्युटरच्या डब्यावर मार्करनं ७ लिहिलं होतं. दर खंडेनवमीला डबा पुसायचा, हळदकुंकू लावायचं, चालू आकडा लिहायचा, ही केंद्राची रीत. म्हणजे आठवी तेवढी राहिली. तरी त्यानं वैदेहीताईला फोन लावला. सॉफ्टवेअर मुळात तिचं, आता ती पुण्याला.

"डिस्क बदललीस आणि डब्यावरचं वाचतोस? पूजा डब्याची केली तुम्ही, डेटाची नाही," ती म्हणाली. "आधी कॉपी काढ. मग डेटालाच विचार, तू कितवा."

"त्याला काय माहीत?"

"विचार तर, शहाण्या."

कॉपी काढून तिनं सांगितलेली एक ओळ त्यानं टाइप केली. उत्तर आलं: ४.

दिग्विजयनं पायऱ्यांची यादी उघडून वाचली. आठवी पायरी बापाचा जुना रकाना पुसते. त्यातली नावं पाचवीत नव्या जागी हलतात. थेट आठवी चढवली असती तर केंद्रातली सगळी जनावरं बिनबापाची. आणि हा आकडा डेटाच्या पोटातच होता. डिस्क गेली, डेटा पेनड्राइव्हमधून फिरून आला, तरी विकलेल्या गाईबरोबर तिच्या कानातला बिल्ला जातो तसा तो सोबतच आला.

त्यानं पाचवी चढवली. विचारलं. ५. सहावी. ६. दर वेळी आकडा आपोआप सरकायचा.

"सारखं काय इचारतोस त्येला?"

"खरं बोलतंय, मावशी. लई खरं बोलतंय."

आठवी झाली. कालवडीचं नाव घातलं. बाप: शंभू.

डॉक्टर भांड्यात चिमटा घालणार होते, ते थांबले. "शंभूच्याच बीजाची कांडी काढत होतो की मी."

त्यांनी दुसऱ्या वळूची काढली. सोजरबाई त्यांच्यामागं गोठ्याकडं पळत सुटल्या.

"चल रं, बघाया."

"व्हा पुढं, आलो," दिग्विजय म्हणाला, आणि ती ओळ परत एकदा टाइप केली.