चालतंय म्हटलं, आणि मी सुटलो

गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला मी एक जुना मडगार्ड आहे, मित्रांनो. साध्यासुध्या गाडीचा नाही हं! दोनच माणसं बसतील अशा, छप्पर नसलेल्या, अगदी हलक्या स्पोर्ट्स कारचा. पुढच्या डाव्या चाकावर मी कमानीसारखा वाकून बसायचो. चाक वळलं की मीही वळायचो. आज त्या जागी दुसरा बसला आहे, आणि मला सगळे दगाबाज म्हणतात. माझं ऐकून घ्या, मग तुम्हीच ठरवा.

फायबरच्या साच्यातून निघून, माझ्या उजव्या भावाबरोबर एका खोक्यात गुरफटून मी या घरी आलो. घरातले बाबा दातांचे डॉक्टर. सुटीच्या दिवशी ते स्वतःच्या हातांनी ही गाडी जोडत बसायचे. मदतीला त्यांचा मेहुणा असायचा. आणि त्या मामाच्या पायांत घुटमळायची बाबांची लेक. एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळे घरात तिला सगळे भिंगरीच म्हणतात.

"भावोजी, दोन भोकं पाडू, बोल्ट टाकू, मोकळे होऊ," मामा म्हणाला.

"दिवसभर दवाखान्यात भोकंच पाडतो रे मी. इथे तरी सोड," बाबा म्हणाले.

शिवाय भोक पाडलं की तिथूनच आम्हाला तडा जातो. म्हणून चाकाजवळच्या लोखंडी पट्टीवर मला चिकटवायचं ठरलं. बाबांनी माझी आतली बाजू घासून खरखरीत केली. मग स्पिरिटने पुसली, पुन्हा पुसली. भिंगरीचं बोट पुढे आलं तसे ते म्हणाले, "अंहं! दात असो की मडगार्ड, चिकटवायची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. इथे 'चालतंय' चालत नाही."

मग पट्टीवर काळ्या गोंदाची जाड रेघ आली. मला वर बसवून चिकटपट्टीने घट्ट बांधलं. मामाला लगेच चक्कर मारायची होती. "गोंद पूर्ण वाळल्याशिवाय चाक हलणार नाही," बाबांनी बजावलं. किती जपलं हो त्यांनी मला तेव्हा!

मी चिखल अंगावर घेतला, खडे झेलले, पण बाबांच्या शर्टावर शिंतोडा उडू दिला नाही. सिग्नलला थांबलो की लोक वाकून वाकून बघायचे. सगळ्यांत जास्त लाड मात्र भिंगरीने केले. फडक्यावर पॉलिशचं मेण घेऊन ती मला गोल गोल चोळायची आणि मध्येच फुंकर मारून स्वतःचा चेहरा माझ्यात बघायची.

एकदा गाडी लावताना मी खांबाला घासलो आणि माझा गोंद एका कडेने उकलला. बाबांनी बारीक तारेने उरलेला गोंद कापला, आत खरवडून साफ केलं आणि मला स्टुलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी हौशी लोकांच्या गाड्यांचा मेळावा होता. भिंगरीने मला नटवायला घेतलं. बाहेरून झालं, तशी तिने मला उलटं केलं. "तुला आतून पण आंघोळ," असं म्हणत तिने आतही मेण चोळलं.

संध्याकाळी बाबा दवाखान्यातून दमून आले आणि थेट गोंद हातात घेतला. भिंगरी स्पिरिटची बाटली घेऊन उभी होती.

"बाबा, मी आत मेण लावलंय. आधी पुसायचं ना?"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "राहू दे आता. चालतंय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो! गोंदाने मेणाला धरलं, मला नाही.

सकाळी भिंगरी डावीकडे बसली. मामा त्याच्या गाडीतून मागे होता. उतारावर वेग वाढला, खालून वारा घुसला आणि माझी पकड सुटली. मी उडालो. भिंगरीच्या डोक्यावरची टोपी माझ्या कडेने टरकन फाटली आणि मी रस्त्यावर आपटून तडकलो. बोटभर खाली असतो तर?

मामा धावत आला. आधी त्याने भाचीला चाचपून पाहिलं, मग पट्टीकडे. तिथला गोंद जसाच्या तसा होता, गुळगुळीत. आणि त्यावर फडक्याची गोल गोल वळणं उमटलेली.

"भावोजी, तुम्ही दातांचं माप घेता ना, तसा हा ठसा उठलाय! आत मेण होतं. तुम्हाला दिसलं नाही?"

बाबांचे कान लाल झाले. "घाईत कुठे दिसतंय? हिने फासून ठेवलं. पोरांच्या हातात काही द्यायची सोय नाही. आणि हा मडगार्ड तरी बघ, दगाबाज लेकाचा!"

भिंगरी फाटकी टोपी धरून उभी होती. तिने बाबांकडे पाहिलं. ते पुढे काही बोलतील म्हणून मीही वाट पाहिली. ते गाडीत जाऊन बसले.

मला दगाबाज म्हटल्याचं मी सोसलं असतं. पण तिने विचारलं होतं ना!

आज नवा मडगार्ड बसवला. बाबांनी त्याला घासलं, पुसलं, पुन्हा पुसलं. सगळं अगदी पहिल्यासारखं. मग हाक मारली, "भिंगरे, ये, धर जरा इकडून."

ती दारातच थांबली. दोन्ही हात पाठीमागे. "नको. माझे हात मेणाचे आहेत."

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. आता तरी बोलतील, मला वाटलं.

"मग धुऊन ये," ते म्हणाले.

ती गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी एकट्यानेच मडगार्ड बसवला, चिकटपट्टी बांधली, गोंदाचं टोपण लावलं. नळ अजून चालूच आहे.

मित्रांनो, नवा मडगार्ड पक्का बसला आहे, तो सुटायचा नाही. तुम्ही वस्तू जपा, घाईत 'चालतंय' म्हणू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक काम करा. तुमच्यापैकी कोणी त्या नळापाशी जा आणि भिंगरीला सांगा, की तुझे हात स्वच्छ आहेत गं. मला सांगता येत नाही. आणि ज्यांना सांगता येतं, ते सांगत नाहीत.