घरातली मराठी

सरदारबीनं टॅबलेटच्या काचेवर डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "वांगं."

काचेवर हिरवी खूण उमटली. शेजारच्या खुर्चीत बसलेला रहमतुल्ला बायकोच्या तोंडाकडं बघतच राहिला. लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून अडीच महिन्यांत तिच्या तोंडून निघालेला हा पहिला धड शब्द होता. इतके दिवस तो भाजी चिरायला बसला की एकेक भाजी तिच्यापुढं धरायचा आणि म्हणायचा, "बोलो सरदार, बैंगन." ती ओठ हलवायची. आवाज निघायचा, शब्द निघायचा नाही. मग तिचे डोळे भरून यायचे आणि तो हातातलं वांगं चिरून टाकायचा.

"कांदा," ती म्हणाली. "मिरची." मग चित्रात फळा आला. "फळा," म्हणताना ती खुर्चीत सरळ होऊन बसली.

जालन्याच्या त्या दवाखान्यात बोलण्यावर उपचार करणाऱ्या सत्यशीला मॅडमनी रहमतुल्लाला समजावून सांगितलं. मेंदूचा जो भाग बोलायचं काम करतो, तिथं इजा झालीय. आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो, पण त्याला रोज सराव लागतो. उत्तर बरोबर आलं की हे यंत्र पुढचं चित्र जरा अवघड देतं, चुकलं की सोपं. आणि सरदारबीनं वडीगोद्रीच्या जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं मोठ्या आवाजात मराठी शिकवली होती. तिच्या मेंदूत तीच वाट सगळ्यांत मळलेली असणार, म्हणून आधी तीच सापडली. घरची उर्दू मागाहून येईल, किंवा येणारही नाही. सध्या एकाच भाषेवर जोर द्यायचा.

"म्हंजी घरात बी मराठीच बोलायचं?" रहमतुल्लानं विचारलं.

"काही महिने तरी. जमेल ना चाचा?"

"जमंल की. धंद्यात सगळी उमर मराठीच बोललो."

पण मस्तगड मोहल्ल्यातल्या घरी आल्यावर, चहाचं आधण ठेवताना त्याला कळलं की आपली मराठी गादीच्या दुकानातली आहे. कापूस कसला, खोळ कुठली, गादी कधी मिळेल, एवढ्यापुरती. तिच्यात बायकोशी बोलायचं काही नव्हतं. चाळीस वर्षं दोघं एकमेकांना 'तुम' म्हणत आले होते. आता 'तू' म्हटलं तर रागावल्यासारखं वाटे आणि 'तुम्ही' म्हटलं तर दारात गिऱ्हाईक उभं असल्यासारखं. शेवटी त्यानं नुसतंच विचारलं, "चहा करू?"

"करा," ती म्हणाली.

टॅबलेट घरी आणला होता. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास ती चित्रं ओळखायची. शब्द वाढत गेले, पण ते शाळेतले होते. शाब्बास. पुन्हा सांगा. शांत बसा. एकदा डाळीत मीठ जास्त पडलं तेव्हा तिनं ताट बाजूला सरकवून "चूक" म्हटलं. रहमतुल्ला हसला, ती हसली नाही. कधी त्याच्या तोंडून सवयीनं उर्दू निघून जाई. तिला कळायचं, पण उत्तर देता येत नाही म्हणून तिची मान खाली जायची. मग तोही जपून बोलू लागला. नमाजेनंतर उर्दूत दुआ मागताना तेवढी त्याची जीभ मोकळी होई. हल्ली तो दुआ जरा लांबवायचा.

जीशान, त्यांचा एकुलता एक मुलगा, रियाधला होता. दर जुम्म्याला त्याचा फोन यायचा. मराठी त्यालाही येत होती, गल्लीतल्या पोरांबरोबर वाढलेला. पण अम्मीशी मराठीत बोलताना त्याला कसंतरीच व्हायचं. दोन वाक्यांवर तो थांबायचा. पुढं पुढं तो अब्बांनाच तिची खुशाली विचारू लागला. मग एक जुम्मा चुकला, नंतर आणखी एक.

उपचाराच्या चौथ्या महिन्यात सत्यशीला मॅडमनी विचारलं, घरी कसं चाललंय.

"मीच शिकून राह्यलो तिच्याकडून," रहमतुल्ला म्हणाला.

त्या दिवशी मॅडमनी त्याच्या मोबाइलमधले घरच्या माणसांचे फोटो टॅबलेटमध्ये घालून दिले. ओळखीचे चेहरे पाहिले की मेंदू जास्त जोर लावतो, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदारबी टॅबलेट घेऊन बसली. रहमतुल्ला खाली चटईवर एका रजईला टाके घालत होता. दोन-चार चित्रं झाली आणि त्याचाच फोटो आला, दुकानाच्या पायरीवर बसलेला. यंत्रातल्या बाईनं विचारलं, "हे कोण आहेत?"

सरदारबी बराच वेळ बघत राहिली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. "अजी" म्हणायची, नाहीतर "जीशान के अब्बा". ते नाव घेऊन हाक मारणारी एकटी त्याची आई होती आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. आता नाव होतं ते दुकानाच्या पाटीवर आणि रेशनकार्डावर. सरदारबीला उगाच त्रास नको म्हणून तो ते चित्र पुढं सारायला उठू लागला.

"रहमतुल्ला," ती म्हणाली.

आवाज खणखणीत होता, एकेक अक्षर सुटं. म्हणून झाल्यावर तिनं मान वर केली आणि समोर पाहिलं. रहमतुल्लाच्या हातातली सुई रजईत तशीच राहिली. तो उभा राहिला.

"हजर, बाई."

तिनं मान हलवली. पुढचा फोटो आला, पाठीवर बॅग घेतलेल्या मुलाचा, विमानतळावरचा.

"जीशान," ती म्हणाली आणि पुन्हा समोर पाहिलं. हिरवी खूण येऊन गेली. यंत्र पुढं जायला बघत होतं, तर तिनं काचेवर तळवा ठेवला. दारात ऊन आलं होतं. गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आज न्हाई आला, बाई," रहमतुल्ला म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत होती. बोलायला तिला वेळ लागला.

"उद्या?"

रहमतुल्लानं रजई उगाचच एकदा झटकली.

"सांगतो त्याला," तो म्हणाला.