ताडपत्रीची सावली

सलूनवाला आपल्या बैठ्या घरावर दोन मजले चढवणार ही बातमी फुटली आणि ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं पटत नव्हतं, ते सगळे एका दिवसात गळ्यात गळे घालून उभे राहिले. वरच्या खिडकीतून थेट आपल्या न्हाणीघरात दिसेल, अशी एका बाईंना धास्ती. नळाला धार राहणार नाही, असं दुसऱ्याचं म्हणणं. गाडी लावायला जागा उरणार नाही म्हणून जो सगळ्यात जास्त तावातावाने बोलत होता, त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. सलूनवाल्याची लेक दोन पोरं घेऊन कायमची माहेरी आली होती आणि रात्री ती तिघं स्वयंपाकघरात पाय दुमडून झोपत होती, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या विषयावर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

खरं नुकसान एकाच घराचं होणार होतं, समोरच्या रफूवालीचं. तिच्या घराला धड अशी एकच खिडकी होती आणि सकाळभर तिच्यातून येणारं ऊन तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, पलंगावर पडायचं. अण्णा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. गोळ्या आहेतच, पण यांना ऊब द्या, थंडी बाधू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. हीटर लावला की त्यांचा घसा कोरडा पडून खोकल्याची उबळ थांबत नसे. तेव्हा काय ते ऊनच. पलंगावरून उरलेल्या उन्हात रफूवालीचं टेबल होतं. कसर लागलेला कोट ती असा सांधून द्यायची की मालकालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. दिव्याच्या उजेडात धाग्याचा रंग फसवतो, म्हणून तिचं सगळं काम उन्हातलं.

पालिकेत दिलेल्या हरकतीच्या अर्जात तिने टेबलाचा उल्लेख केला नाही. तसं तिला विमावाल्या काकांनी सुचवलं होतं. काकांनी उभा जन्म लोकांना मरणाची भीती घालून विमे विकले होते आणि निवृत्तीनंतर तेच काम ते फुकटात करत. धंद्याचं मध्ये आणलंस तर पाहणीला येणारा साहेब म्हणेल बाई पोटासाठी भांडते आहे, आजारी म्हातारा पुढे कर, कुणाची टाप आहे नाही म्हणायची, असं ते म्हणाले. तिला ते पटलं. खरं तर फार चटकन पटलं.

पालिकेचा नियम असा होता, की बांधणाऱ्याने आधी छपरावर बांबू उभे करायचे आणि घर जितकं उंच होणार तितक्या उंचीवर दोरी ताणायची, म्हणजे शेजाऱ्यांना अंदाज येतो. सलूनवाल्याने ते केलं. पण दोरीच्या सावलीने साहेबाला काय डोंबल कळणार, असं काकांचं म्हणणं पडलं. बांबूंना ताडपत्र्या बांधा, पुरी भिंत उभी करा, मग साहेब बघेल म्हातारा कसा अंधारात पडतो ते. सलूनवाला भला माणूस. बघू दे साहेबाला, माझं लपवण्यासारखं काही नाही, असं म्हणून त्याने ताडपत्र्या बांधल्या.

आणि रफूवालीच्या खोलीतलं ऊन विझलं.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. ते आले नाहीत. मग कळलं की ते रजेवर आहेत, मग कळलं की पुढच्या आठवड्यात नक्की. थंडी ऐन भरात होती. समोर ताडपत्री फडफडत राहायची आणि खोलीत भर सकाळी तिन्हीसांजेसारखं वाटायचं. रफूवालीने घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण अण्णांवर घातलं. ते पुन्हा पुन्हा विचारायचे, ऊन कुठे गेलं गं? येईल, चार दिवसांत येईल, असं ती सांगायची. टेबलावरचं काम तसंच पडून होतं.

रविवारी सलूनवाला नेहमीसारखा अण्णांची दाढी करायला आला. हरकतीचा अर्ज गेल्यावरही त्याने एक रविवार चुकवला नव्हता आणि याचीच तिला जास्त लाज वाटायची. साबण लावताना अण्णांचा गाल त्याच्या हाताला लागला तसा तो थबकला. दाढी उरकून बाहेर आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, गार पडलेत हो ते. मी ताडपत्री काढतो. साहेब यायचे त्या दिवशी परत बांधीन."

तिने खिडकीकडे पाहिलं. ताडपत्री काढली आणि नेमके साहेब त्याच वेळी आले तर ते लख्ख उन्हात पडलेला म्हातारा बघणार, शेरा मारणार आणि निघून जाणार. मग ती सावली जन्माची.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "साहेब येऊन जाऊ देत."

"बघा हं."

"राहू दे म्हटलं ना."

दोन दिवसांत अण्णांच्या छातीत कफ दाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. न्यायला सगळ्यात पुढे सलूनवालाच होता. परत आल्यावर अंगावरचे कपडेही न बदलता तो छपरावर चढला आणि कुणाला न विचारता त्याने ताडपत्र्या सोडल्या. रिकाम्या पलंगावर ऊन येऊन पडलं. रफूवाली ते बघत बसली आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो कामाचा. टेबल पलंगाच्या जागी सरकवता येईल. त्या विचाराची तिला इतकी किळस आली की तिने उठून खिडकी लावून घेतली.

साहेब त्यानंतर आले. झाडून सारी गल्ली जमली. आजारी गृहस्थ कुठे आहेत, असं साहेबांनी विचारलं. काका काहीबाही सांगायला पुढे सरसावले, पण त्यांच्या आधी तीच बोलली.

"गेले. ताडपत्रीच्या सावलीत गेले. थंडीने."

शब्द न् शब्द खरा होता. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी सलूनवाल्याकडे वळून विचारलं, "ताडपत्री तुमचीच ना? तुम्हीच बांधली होती?"

"हो," सलूनवाला म्हणाला. "मीच."

ती वाट बघत राहिली. आता तो सांगेल, रविवारी दारात काय बोलणं झालं ते. त्याच्यामागे त्याची लेक पोराला कडेवर घेऊन उभी होती. सलूनवाल्याने एकदा रफूवालीकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं पाहिलं, आणि मान खाली घातली. बोलायचं असेल तर ते तिनेच बोलायचं होतं, आणि तिला ते कळलं होतं.

साहेबांनी तिथेच उभ्याउभ्या शेरा लिहिला. सावलीमुळे जीवितास धोका, परवानगी नाकारावी. मग अदबीने, मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात, त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"नाही," ती म्हणाली.