दगडाला न्याहारी

पैज लागली मारुकाच्या दारूच्या दुकानात, आणि लागली ती मेंढीच्या कानावरून.

"एल हुलानच्या उतारावरचा तो जुना दगड आहे ना, त्यावर आमच्या घरची खूण कोरलीय," एव्हारिस्तो पाद्रोन पेला आपटत म्हणाला. "मध्ये गोल भोक, वर दोन काप. माझ्या मेंढरांचे कान बघ आणि तो दगड बघ. बेटावर पहिली माणसं उतरली, तेव्हापासूनची खूण आहे ही!"

"तुझ्या आजीची सुरी घसरली, त्याची झाली खूण," ओनेसिमो म्हणाला. "उगाच दगडाशी सोयरीक जोडू नकोस."

ओनेसिमो म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, आणि गावाच्या सामाईक कुरणाचा कारभारीही तोच. त्यामुळे त्याला डिवचण्यात एव्हारिस्तोला दुप्पट मजा यायची.

"मग लाव पैज! दगड वाचायला तेनेरिफे बेटावरून बाई आल्यात, त्या सांगतील. हरेल त्यानं लोकर कातरायच्या दिवशी चर्चसमोर गुडघ्यावर बसायचं, बें बें करायचं आणि मेंढरासारखं कातरून घ्यायचं."

"मिशीसकट?"

"मिशीसकट!"

सगळं दुकान खिदळलं. एव्हारिस्तोची मिशी म्हणजे गावाची शोभा होती. पण एव्हारिस्तोच्या मनात मात्र वेगळंच होतं. कळप आणि कानावरची मालकीची खूण त्यानं मुलाच्या नावावर केली होती, आणि उबाल्दोला आता मेंढरं नको होती. समुद्रापार काराकासला जायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कातरणीच्या दिवशी कारभारी एकेक जनावर दाखवून 'कुणाचं हे?' विचारतो. मालकानं ओ दिली नाही, तर खूण दुसऱ्या घराला जाते. ओनेसिमोचा पुतण्या तर टपूनच बसला होता. पण खूण चर्चहून जुनी आहे असं एखाद्या शिकलेल्या बाईनंच सांगितलं, तर कुठला मुलगा ती सोडून बोटीवर चढेल? एव्हारिस्तोचा हा हिशोब होता. मिशी गेली चुलीत.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. दासिलबाई उन्हात दगडासमोर मांडी घालून बसायच्या, आणि हा त्यांच्याभोवती घिरट्या घालायचा. कधी चीज पुढं करायचा, कधी अंजीर.

"काय म्हणतोय दगड?"

"काका, तुम्ही बाजूला झालात तर म्हणेल काहीतरी. सावली पडतेय तुमची."

"पण ती गोलाची खूण? दोन रेघांची?"

"चार," बाई म्हणाल्या. "वर दोन आहेत, तशा खालीही दोन आहेत. उद्या ओला कागद ठोकून ठसा घेतला की स्पष्ट दिसेल."

खालच्या दोन रेघा! एव्हारिस्तोनं आजवर वरच्याच पाहिल्या होत्या. माणूस आपल्याला हवं तेवढंच बघतो. त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. कूस बदलून बदलून त्यानं बायकोच्या शिव्या खाल्ल्या, आणि फटफटताच तो उठला. भाजलेल्या पिठाचा, म्हणजे गोफियोचा, मिठाच्या पाण्यात घट्ट गोळा मळला, त्यात चुलीची काजळी मिसळली, आणि एल हुलान गाठून खालच्या दोन्ही रेघा अशा लिंपल्या, की त्याला स्वतःलाही सापडेनात. खूश होऊन त्यानं दगडाला सलामच ठोकला.

सकाळी निम्मं गाव उतारावर जमलं. उबाल्दोही आला होता, तोंड पाडून, हात खिशात घालून. बाई कागद भिजवायला लागल्या. एव्हारिस्तो या पायावरून त्या पायावर नाचत होता.

"लघवीला लागलीय का रे?" ओनेसिमोनं विचारलं.

तेवढ्यात वरून घंटा वाजवत एव्हारिस्तोचाच म्होरक्या मेंढा उतरला. हवा हुंगली, गर्दीत घुसला, बाईंना ढुशी देऊन बाजूला सारलं, आणि दगड चाटायला लागला. कसा चाटायला लागला! जसं काही बारशाचं जेवणच. एव्हारिस्तोनं शेपटी धरून ओढलं, शिंगं धरून ओढलं. मेंढा ढिम्म. मागून बाकीचा कळपही आला.

"आज दगडाला न्याहारी दिलीस वाटतं?" ओनेसिमो म्हणाला. "आम्हालाही विचारायचंस की!"

बाईंनी दगडाजवळ पडलेला कण बोटावर घेतला आणि हुंगला. त्यांचा चेहरा बघून एव्हारिस्तोनं मेंढ्याची शिंगं सोडली.

"काका, एवढी शतकं पाऊस-वारा सोसलाय यानं. आणि तुम्ही त्याला पीठ फासता?"

"चुकलं, बाई."

रागारागातच बाईंनी दगड ओल्या कापडानं पुसला, कागद ठोकला. वाळल्यावर उचलला, तर चारही रेघा ठसठशीत उमटलेल्या.

"ही कुणाच्या मेंढराची खूण नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर आहे, या उभ्या ओळीतलं एक. ओळ खालून वर वाचायची. समुद्रापलीकडं आफ्रिकेत असेच दगड आहेत, त्यांच्यावरून थोडे आवाज जुळतात. बहुतेक नाव असावं. अमक्याचा मुलगा तमका, असं."

"कुणाचा मुलगा?" एव्हारिस्तोनं विचारलं.

"ते कळत नाही. बापाचं नाव झिजून गेलंय. मुलाचं तेवढं राहिलंय."

उबाल्दो वाकून बापाच्या नावाची ती झिजलेली जागा बघत राहिला. मग मेंढरं हाकत निघून गेला.

कातरणीचा दिवस उजाडला. चर्चसमोर लोकरीचे ढीग, वाइनच्या बाटल्या, आणि मधोमध गुडघ्यावर पैज हरलेला एव्हारिस्तो. सकाळपासून त्याचं लक्ष एकाच जागी होतं: भिंतीला टेकलेल्या उबाल्दोकडं. त्याच्या मेंढरांची पाळी अजून यायची होती.

ओनेसिमोनं एव्हारिस्तोचा कान धरून गावाला दाखवला. "जनावर म्हातारं आहे! कुणाचं हे?"

लोक हसले. कुणी ओ दिली नाही.

"बोला लवकर! मालक नसला तर गावजमा. आणि याची खूणही जाते मग." ओनेसिमो हे थट्टेतच म्हणाला, पण पुतण्या खरोखरच एक पाऊल पुढं आला. हसणं थांबलं. एव्हारिस्तो बें करायचंही विसरला आणि पोराकडं बघत राहिला.

"माझं आहे," उबाल्दो म्हणाला.

"मोठ्यानं सांग."

"माझं! लोकर कमी, बडबड जास्त. पण माझंच आहे. आणि मागची मेंढरंही माझीच."

"ऐकलंत सगळ्यांनी," ओनेसिमो म्हणाला. "खूण पाद्रोनांकडंच राहिली." मग पुतण्याकडं वळला. "आणि तू रे, बघतोस काय? वाइन ओत."

तेव्हा कुठं एव्हारिस्तो ओरडला, आणि असा ओरडला, की कुंपणातली सगळी मेंढरं एकदम ओरडून उठली. उबाल्दो कातर घेऊन जवळ आला.

"आणि बोट?" बापानं हळूच विचारलं.

"बोट पुढच्या वर्षीही असते. हलू नका, बाबा," उबाल्दो म्हणाला, आणि त्यानं आधी मिशीलाच हात घातला.