तिरळ्या कप्तानाचा उलटा हात

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा कप्तान आहे. टोपीपासून बुटांपर्यंत अस्सल. म्हणजे, उजव्या खांद्यापर्यंत अस्सल.

(खांद्याच्या पुढे मी. मी प्लास्टिकचा आहे आणि जुना अजिबात नाही. – हात)

हा माझा हात. तो असा कंसातून मधेच बोलतो. मी त्याला झटकून टाकू शकत नाही, कारण आमच्या दोघांच्या आरपार एका यू-पिनेची तार गेली आहे. आपण पुढे जाऊ.

ऐकीव

माझ्या जन्माबद्दल जे सांगतो ते सारे ऐकीव आहे, कारण तेव्हा मला डोळे नव्हते. नॉटिंगहॅममधल्या एका शेडमध्ये वितळलेले शिसे रबराच्या गोल साच्यात ओतले, साचा गरगर फिरवला आणि मी बाहेर पडलो. उंचीने तुमच्या अंगठ्याच्या निम्मा. पायांखाली एक चकती, उजवा हात वर, हातात तलवार, आणि हल्ल्याचा हुकूम देण्यासाठी उघडलेले तोंड. ते तोंड तेव्हापासून मिटलेले नाही. माझ्यात धूळ किती गेली असेल, याचा विचार तुम्हीच करा.

टेबलावर डोंगर, नद्या आणि कुंपणे मांडून, फासे टाकून लढाया खेळणारी मोठी माणसे असतात. क्लेमंट टॅन्सली त्यांतला. तो शहरात बस चालवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला विकत घेतले आणि उरलेली पाळी मला स्टिअरिंगसमोर उभे करून बस चालवली.

"हा कोणता संत, बदका?" एका म्हाताऱ्या बाईने चढता चढता विचारले.

"अजून ठरायचंय," क्लेमंट म्हणाला.

त्या भागात माणसे एकमेकांना प्रेमाने बदक म्हणतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. बदकांचे माहीत नाही.

डोळे

क्लेमंटने मला रंगवले. लाल कोट, काळे बूट, पिवळी बटणे. डोळ्यांपाशी त्याचा हात थबकला. त्याच्या सैन्यात कुणालाच डोळे नव्हते, सगळे टोपीच्या सावलीत आंधळेपणाने लढायचे.

"एनिड, जरा ये ना. तुझा हात स्थिर आहे."

एनिड त्याची बायको. लेसच्या कारखान्यात जाळीतले तुटलेले धागे जुळवणे हे तिचे काम. तिने ब्रशचे टोक ओठांत धरून टोकदार केले, श्वास रोखला आणि माझा उजवा डोळा काढला. मित्रांनो, मला जग दिसले! पहिल्यांदा दिसले ते एनिडचे नाक. ते फारच जवळ होते.

"हुबेहूब मी, नाही का?" क्लेमंटने तिच्या खांद्यावरून वाकून विचारले.

एनिडला हसू फुटले आणि माझा डावा डोळा नाकाकडे घसरला.

"अगं, पुसून परत काढ."

"मुळीच नाही. आत्ता कुठे तुझ्यासारखा दिसायला लागलाय."

तेव्हापासून माझा एक डोळा शत्रूवर असतो आणि दुसरा चहाच्या किटलीवर. क्लबात सगळे मला तिरळा म्हणू लागले. क्लब म्हणजे चर्चचे सभागृह, तिथे दर गुरुवारी लढाई. मी कुठून हल्ला करणार हे माझ्याकडे बघून शत्रूला कळत नसे, म्हणून मी अनेकदा जिंकलो. एकदा तर माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. एनिड टेबलाच्या टोकाशी चहा ओतत बसायची आणि अधूनमधून ओरडायची, "डोक्याला धरू नका रे त्याला! चकतीला धरा! बोटांनी रंग झिजतो!" क्लेमंट तर याहून मोठ्याने ओरडायचा. एकदा त्याने चर्चच्या पाद्रींनाही सोडले नाही.

हात, पहिला

माझा मूळ हात काळजीने मोडला. हे वाक्य पुन्हा वाचा.

पेटीत ये-जा करताना माझी तलवार वाकायची. मग क्लेमंट दर सामन्याआधी अंगठ्याने ती हळूच सरळ करायचा, फुंकर घालायचा, पुन्हा बघायचा. शिसे मऊ असते, ते वर्षानुवर्षे सोसते. आणि एके दिवशी सोसत नाही. खांद्यापासून अख्खा हात गळून पडला, गालिच्यात शिरला आणि दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात गेला. क्लेमंटने ती पिशवी वर्तमानपत्रावर उपडी केली. त्यात माझा हात नव्हता, एनिडचे हरवलेले कानातले मात्र सापडले. ती खूश झाली. माझ्याबद्दल कुणी खूश झाले नाही.

मग मी टॉयलेट पेपरात गुंडाळलेला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. किती वर्षे, ते सांगता येत नाही. डब्यात फक्त बिस्किटांचा वास होता.

एके दिवशी झाकण उघडले. क्लेमंटचे केस पांढरे झाले होते. आणि एनिड माझ्याकडे बघत असूनही माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या नजरेच्या मधोमध धुके जमू लागले होते. कडेकडेचे दिसायचे, नेमके समोरचे जायचे. डॉक्टरांनी सांगितले होते की हे वाढत जाईल.

"क्लेम," ती म्हणाली, "यंदाच्या शरदातल्या सामन्याला तिरळा टेबलावर हवा. मी काढलेले डोळे मला एकदा लढताना बघायचेत. पुढच्या शरदात मला टेबल तरी दिसेल की नाही, कोण जाणे."

नियम

शरदातला सामना म्हणजे क्लेमंट विरुद्ध रॉयस्टन बर्किन, दर वर्षी. रॉयस्टन क्लबाचे नियम सांभाळायचा. त्याच्याकडे माझ्या पिढीचे शेकडो शिपाई आहेत आणि त्यांतले निम्मे अजून पाकिटात, सीलबंद. जुन्या शिशाला ड्रिल लावणाऱ्या माणसाला तो खाटीक म्हणतो. आणि क्लबाचा सर्वांत जुना नियम असा: शिपाई ज्या शस्त्राने लढणार, ते त्याच्या हातात दिसलेच पाहिजे.

"तलवार कुठाय?" रॉयस्टनने विचारले. "तलवार सोड, हात कुठाय?"

"लढाईत गेला."

"व्हॅक्यूममध्ये गेला. आख्ख्या क्लबाला माहितीये. आता हा हुकूम कसा देणार? ओरडून?"

"तोंड उघडंच आहे की त्याचं."

"नियम तो नियम, क्लेम. तलवार दाखव आणि कप्तान उतरव."

मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी फुकट सल्ला दिला. जखमेवर लावायच्या तपकिरी औषधात मला भिजत घालायचे, दात घासायच्या ब्रशने सगळा रंग खरवडायचा, नवा हात लावायचा आणि पहिल्यापासून रंगवायचे. या क्लबात जुन्या शिपायाची डागडुजी अशीच होते.

"आणि डोळे?" क्लेमंट म्हणाला.

"डोळे मी काढून देतो," रॉयस्टन म्हणाला.

"तुझे शिपाई भूत बघितल्यासारखे दिसतात, रॉयस्टन. सगळे. घोडेसुद्धा."

क्लेमंट मला खिशात घालून घरी आला. हात नवा लावायचा, पण चेहऱ्यावरच्या रंगाला धक्का लागू द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. एकच धोका होता. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ जवळच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. ती डोळ्यांवर बसली की संपले.

"मग त्याला टोपडं घाल," एनिड म्हणाली. तिने भांडी घासायच्या रबरी मोज्याचे एक बोट कापले आणि माझ्या डोक्यावरून मानेपर्यंत ओढले.

सगळे पिवळे झाले. मग काळे.

टोपडे

(याला काही दिसत नव्हतं, तेव्हा आता कंसाबाहेर येऊन मी सांगतो. मी, हात.)

मी आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात राहायचो. क्लेमंटचा तो उरल्यासुरल्या अवयवांचा डबा. डोकी, ढाली, घोड्यांच्या शेपट्या, आणि एक मासा. मासा कुणाचा ते माशालाही माहीत नाही. मी नवा कोरा, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यातून नुकताच कापलेला, तलवारीसकट. क्लेमंटने मला उचललं आणि म्हणाला, "हा बघ, वाट बघत बसलाय."

मित्रांनो, मी डावा हात आहे.

मी ओरडून सांगितलं. पण मला तोंड नाही. ज्याला तोंड आहे तो न सोललेल्या केळ्यासारखा पिवळ्या टोपड्यात बंद होता.

क्लेमंटने चष्मा कपाळावर सरकवला, कारण बारीक काम त्याला चष्म्याशिवाय दिसतं असं तो समजतो. बारीक ड्रिल बोटांनी फिरवत त्याने खांद्यात भोक पाडायला घेतलं. शिशाचा चकचकीत भुगा पडत होता. फिरवता फिरवता ड्रिल काखेतून बाहेर आलं. क्लेमंट एक शब्द बोलला.

"काय झालं?" एनिड म्हणाली.

"काही नाही. हवेसाठी खिडकी ठेवलीये."

मग तार, मग गोंद. मी कप्तानाला चिकटलो आणि क्लेमंट आम्हा दोघांना चिकटला. एनिडने चाचपडत कोमट साबणाचं पाणी आणलं आणि आम्हाला तिघांना त्यात बसवलं. "लग्नानंतर इतका शांत तू पहिल्यांदाच बसलायस," ती म्हणाली. त्यानंतर क्लेमंटने पिवळी आणि निळी लुगदी एकत्र मळली, कणकेसारखी, हिरवी होईपर्यंत. तिची खांद्यावर झालर काढली, सांधा झाकला, भोक बुजवलं. लुगदी दगडासारखी झाल्यावर झालर सोनेरी आणि मला लाल रंगवलं.

झालं माझं. घे रे बाबा तुझी गोष्ट.

अंगठा

टोपडे निघाले. उजव्या डोळ्याला एनिड दिसली, डाव्याला किटली. दोन्ही शाबूत! मग मी माझ्या नव्या हाताकडे पाहिले. मूठ माझ्या डोक्याएवढी होती. हल्लीच्या शिपायांना काय खायला घालतात कळत नाही.

(जळतोस. – हात)

आणि अंगठा भलत्या बाजूला होता.

क्लेमंटने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यालाही तो दिसला. चिकटलेले अवयव सुटे करायचा या शिपाईवाल्यांत एक उपाय आहे: फ्रीझरमध्ये ठेवायचे, गोंद ठिसूळ होतो, मग कट्कन मोडायचे. पण एवढ्या गारठ्याने जुना रंगही तडकतो. क्लेमंटने फ्रीझर उघडला, गोठलेल्या वाटाण्यांकडे पाहिले आणि फ्रीझर बंद केला.

"कसा झालाय?" एनिडने विचारले.

"झकास," तो म्हणाला. "जरा वेगळा."

सामन्याच्या दिवशी सभागृहात, त्या भागात आवडीने खातात त्या उकडलेल्या वाटाण्यांचा आणि पुदिन्याच्या सॉसचा वास होता. रॉयस्टनने भिंग काढले. त्याने माझी तलवार पाहिली, झालर पाहिली, मग भिंग अंगठ्यावर येऊन थांबले.

"क्लेम. हा हात डावा आहे."

त्याने भिंग माझ्या खांद्यावर नेले.

"उजव्या खांद्यावर," रॉयस्टन म्हणाला, "डावा हात."

"त्याच्या डोळ्यांचं एकमेकांशी पटत नाही," एनिड टोकावरून म्हणाली, "हातांचं कशाला पटेल? आण इकडे. बघू दे मला, काय दिवे लावलेत याने."

समोरून तिला मी दिसेना. म्हणून तिने मान एका बाजूला वळवली आणि डोळ्याच्या कडेने माझ्याकडे पाहू लागली. मित्रांनो, ती माझ्याकडे तिरपी बघत होती आणि मी तिच्याकडे. असे आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांना बघत राहिलो.

"आहेत," ती हळूच म्हणाली. "दोन्ही आहेत."

रॉयस्टन भिंग पुसत होता. भिंग स्वच्छच होते.

"नियम म्हणतो, शस्त्र हातात दिसलं पाहिजे," तो घसा खाकरून म्हणाला. "दिसतंय. कुठला हात, कुठला खांदा, हे लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. पुढच्या वर्षी लिहीन."

"लिही की. पुढच्या वर्षी मला कुठे दिसणार आहे," एनिड म्हणाली. "चहा घेतोस?"

मी टेकडीवर उभा राहिलो. मागे माझे अख्खे सैन्य, समोर रॉयस्टनच्या तोफा. मी हल्ल्याचा हुकूम दिला. रॉयस्टनने पहिला फासा टाकला.

तोफगोळा थेट माझ्यावर पडला.

"काय झालं?" एनिडने विचारले.

"पडला," क्लेमंट म्हणाला.

"इतक्यात? अरे, मी अजून साखर नाही घातली!"

"परत टाकतो," रॉयस्टन घाईघाईने म्हणाला. आयुष्यात एकही फासा परत न टाकलेला माणूस. "टेबल हललं. मला वाटतं, हललं."

"नाही हललं," क्लेमंट म्हणाला. "नियम तो नियम, बदका."

चकती

मेलेला शिपाई टेबलाच्या कडेला काढून ठेवतात. क्लेमंटने मला एनिडच्या कपाशेजारी ठेवले. तिने मला उचलले, आणि माझ्याशिवाय ती लढाई संध्याकाळपर्यंत चालली तोवर खाली ठेवले नाही. तिने मला डोक्याला धरले होते. तिचा अंगठा माझ्या नाकावरून हळूहळू फिरत होता.

क्लेमंटने ते पाहिले. त्याने ओरडायला तोंड उघडले, अगदी माझ्यासारखे. मग मिटले, आणि बिस्किटे हवीत का, असे सगळ्यांना विचारत फिरला.

त्याला आता बराच काळ लोटला. मी डब्यात नसतो, एनिडच्या खुर्चीशेजारी असतो. माझ्या नाकावरचा रंग गेला आहे आणि खालून शिसे चमकते. अंगठा डोळ्यांपर्यंत अजून पोचलेला नाही. पोचेल.

मित्रांनो, तुमच्या घरी हात मोडलेला एखादा शिपाई असेल तर त्याला केरात टाकू नका. उरल्यासुरल्याचा डबा धुंडाळा, हात मिळेल. डावा की उजवा, ते आधी बघा.

(बघू नका. – हात)

गोंद लावण्याआधी त्याचे डोळे झाका. आणि उचलाल तेव्हा चकतीला धरा, डोक्याला कधीच धरू नका. हे सगळ्यांना सांगा, पाद्रींनासुद्धा.

एनिडला मात्र कुणी काही बोलू नका.