बेलभंडार उचललेला हात

सुनेनं वेचलेला कापूस वेगळा टाका, असं चांगुणाबाईनं सांगितलं तेव्हा आम्हा सहाही बायकांचे हात पऱ्हाटीवर थबकले.

"तिच्या बोटाला टोचतंय, रगत लागतंय. आपल्या ढिगात नगं," ती म्हणाली.

चांगुणाबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्या रानात आम्ही सावडीनं वेचणीला आलो होतो. आज तिचं, उद्या माझं. आठ दिवसांपूर्वी तिची सून राजेश्री पोटुशी म्हणून सरकारी दवाखान्यात गेली. तिथं रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. तेव्हापासून सुनेनं माहेरून रोग आणला म्हणून म्हातारीनं गल्ली डोक्यावर घेतली होती. आज संध्याकाळी मानवतहून राजेश्रीचा भाऊ येणार होता, तिला कायमची न्यायला.

मी खाली मान घालून वेचत राहिले. माझं मन मला खात होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हीच पोरगी माझ्या चुलीपुढं येऊन बसली होती. पाठीवर नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ.

"मावशी, नागेश चोरून कसल्या तरी गोळ्या खायलाय. इचारलं तर सांगंना. सांगस्तोवर जवळ येऊ नगं म्हणलं, तर लय मारलं. अन् मग..."

पुढचं तिला बोलवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं नव्हतं. तरी मी चांगुणाबाईला जाब विचारला. तिनं देव्हाऱ्यातला बेलभंडार उचलला. "खंडोबाची आण, माझ्या नागेशला काय बी न्हाई. ताकदीच्या गोळ्या हायत त्या."

बेलभंडार उचलून आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही. म्हणजे मला तसं वाटायचं. मीच राजेश्रीच्या मनगटाला धरून तिला त्या घरात परत नेऊन सोडलं.

आता राजेश्री उठली. कमरेची ओटी सोडली. कापसाखालून गोळ्यांची एक बाटली आणि दवाखान्याची एक हिरवी पुस्तिका निघाली.

"काल दळणासाठी कणगीतली जवारी काढायलते, तवा हे हाताला लागलं. झाकण बी उघडलं न्हाई, अशा पाच हायत. म्हंजे गोळ्या घ्यायचं बी सोडलंय त्यानं. कस्तुरामावशी, तुमाला वाचायला येतंय. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. नागेशचं नाव. एचआयव्हीचं औषध सुरू झाल्याची तारीख लग्नाच्या दीड वर्ष आधीची. आणि खाली, सोबत आलेलं माणूस : चांगुणाबाई, आई.

म्हातारी अंगावर धावून आली. "आण हिकडं ते! पोराला जलमभर बिनलग्नाचं ठिवायचं व्हतं का? वाटलं, बायको आली की सुदरंल."

"अन् मी?" राजेश्री म्हणाली. "मी कुणाचं लेकरू नव्हते व्हय?"

मला चांगुणाबाईचा इतका संताप आला, की तिला पऱ्हाटीत ढकलून द्यावंसं वाटलं. पण मनगट धरणारा हात माझाच होता.

"भावाला येऊ नगं म्हणून सांगितलंय," राजेश्री म्हणाली. "दवाखान्यातल्या मॅडम म्हणल्या, ह्या दुखण्यापायी मला घरातून काढता येत न्हाई, कायदा हाय. गोळ्या टायमावर घेतल्या तर लेकरू बी धडधाकट व्हईल. आज तालुक्याला जाऊन ठाण्यात अर्ज द्यायचाय, मारल्याचा अन् फसवल्याचा. साक्ष लागती." ती माझ्याकडं बघत होती. "वळ तुमी बघितलेत. बेलभंडार तुमच्यासमोर उचललाय."

"कस्तुरे, इचार करून बोल," चांगुणाबाई म्हणाली. "शेजार आपला हाय. ती आज हाय, उद्या न्हाई."

तीस वर्षांचा शेजार. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच मला न्हाऊ घातलं होतं. मी माझ्या ओटीतला कापूस राजेश्रीच्या ढिगावर मोकळा केला.

"चल," मी तिला म्हणाले.

फाट्यावर एसटी आली. पायरी उंच होती, म्हणून मी तिच्या मनगटाला धरायला हात पुढं केला. तिनं हात मागं घेतला.

"नगं, मावशी. तुमी नुसतं खरं बोला."

दांडीला धरून ती एकटीच वर चढली. मी तिच्या मागून चढले.